आतून रंगवायची बॉडी

आमच्या नातेवाइकांत असा समज आहे, की आमची गाडी उलटायची ती माझ्या व्याह्यांमुळे. हा समज मीच पसरवला आणि बऱ्याच मेहनतीने टिकवला. तो खोटा आहे. हे सांगायला मला एवढे दिवस का लागले, तेही सांगतो.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, शर्यतीची. मुलाने हौसेने घेतली, नोकरीने हौस खाल्ली, आणि गाडी आम्हा दोन रिकाम्या माणसांच्या हाती आली. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेलो, आणि माझ्या सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, वीज खात्यातून. आम्ही एकमेकांना ‘इवाई’ म्हणतो. ते आमच्याच शहरात, ब्राह्मणपाऱ्यात राहतात. रविवारी सकाळी स्कूटरवर मला घ्यायला यायचे आणि आम्ही तेलीबांध्याकडच्या एका पडीक स्केटिंग रिंकवर जायचो. तिथे ऑफिसांत काम करणारी, हिंदी बोलणारी पोरं अशा गाड्या पळवतात. आम्ही त्यांचे ‘अंकल लोग’.

कामाची वाटणी सरळ होती. स्प्रिंगा, शॉकॲब्झॉर्बरमधलं तेल, चाकांचा कल हे व्याह्यांकडे, बॉडी माझ्याकडे. बॉडी म्हणजे गाडीवर टोपऱ्यासारखं बसवायचं पातळ, पारदर्शक प्लास्टिकचं कवच. ती वाऱ्याच्या जोरावर गाडीला जमिनीशी दाबून धरते, म्हणून तिचा आकार आणि वजन दोन्ही महत्त्वाचं. व्याह्यांनी बुटकी, पुढे झुकलेली बॉडी दाखवली.

‘‘हे घेऊ इवाई. वळणावर जमिनीले चिकटून राहीन.’’

‘‘हे तर चपटलेल्या बेडकासारखं दिसते,’’ मी म्हणालो आणि उंच छपराची घेतली. आमचे मोठे साहेब जशा गाडीतून उतरायचे, तशीच ती दिसत होती. व्याह्यांनी आपली बॉडी जागेवर ठेवली. मी मुलाचा बाप, ते मुलीचे. एवढं कारण आमच्याकडे पुरतं.

मग मी ती रंगवली. आता माझं रंगकामातलं सगळं शिक्षण तान्ह्या पोळ्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वैदर्भीय घरांतली मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि नातेवाइकांच्या घरांतले बैल रंगवण्याचा मान माझ्याकडे असतो. पद्धत ठरलेली: आधी पांढरा हात, त्यावर रंग, त्यावर चकचकीत वार्निश. बॉडी आतून रंगवतात, एवढं मी ऐकलं होतं. म्हणून आतून आधी पांढरा हात दिला, त्यावर लाल. उलटून बघतो तर बाहेरून गाडी पांढरीफटक! आतून रंगवायचं तर जो रंग बाहेरून दिसायला हवा तो आधी द्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी बाहेरूनही लाल रंग दिला. तो ओघळला, म्हणून आणखी एक हात. मग वार्निश. बैलाला शोभला असता असा थाट झाला.

शर्यतीच्या दिवशी पहिल्याच वळणावर गाडी आडवी झाली. सरळ केली, पुढच्या वळणावर पुन्हा आडवी. पोरं बघत होती. मी मोठ्याने म्हणालो, ‘‘काय इवाई, स्प्रिंगा काय बैलबंडीच्या लावल्या का?’’ आणि पोरांना समजावं म्हणून तेच हिंदीत पुन्हा म्हणालो. सगळे हसले.

‘‘हव, माझंच काही चुकलं असन,’’ व्याही म्हणाले. त्यांनी गुडघ्यांवर बसून स्प्रिंगा बदलल्या, गाडी आणखी जमिनीलगत घेतली. गाडी उलटतच राहिली. परत जाताना त्यांनी पान्यांची डबी माझ्या हातात दिली. ‘‘तुमीच ठेवा. माझ्यानं होत नाही आता.’’

त्याच दुपारी मी बॉडी काढून टेबलावर ठेवली. बाजूला जादा घेतलेली तसलीच एक कोरी होती. पंखा लावला तशी कोरी उडून पलंगाखाली गेली. माझी मात्र पाट्यावरच्या वरवंट्यासारखी बसून राहिली. डोक्यावर एवढा भार घेऊन कोणती गाडी वळेल? मला सगळं समजलं. मी उठलो आणि पंखा बंद केला. नातेवाइकांत मात्र स्प्रिंगांचीच गोष्ट सांगत राहिलो.

व्याह्यांनी येणं सोडलं. सून विचारायची, ‘‘मामाजी, बाबा रविवारी येत काहून नाहीत? फोनवर म्हणतात गुडघे दुखतात. काही लपवून तर नाही राहिले?’’ तिला वडिलांच्या तब्येतीची काळजी लागली होती. मी म्हणायचो, ‘‘वय झालं बेटा त्यांचं.’’ ते माझ्याहून लहान आहेत.

पोळ्याला ते नातीला भेटायला आले. मी अंगणात तिचा बैल रंगवत होतो. पांढरा हात वाळला होता, लाल चालू होता, वार्निशची बाटली बाजूला उघडी. व्याही उभे राहून बघत राहिले.

‘‘गाडी बी अशीच रंगवली होती ना?’’

ब्रश माझ्या हातातच राहिला. ‘‘तुमाले कधी समजलं?’’

‘‘त्याच दिवशी. उलटली तेव्हा उचलली ना मी. पायलीभर गहू भरल्यावानी लागली.’’

‘‘मंग बोलले काहून नाही?’’

ते हसले. ‘‘पोरगी दिली हाय तुमच्या घरी.’’

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिने तो हसून म्हटलेला शब्द ऐकला, आणि ती हसली नाही. मी तिथेच तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘मामाजी, हे मले नाही, तिथं सांगा.’’

पुढच्या रविवारी व्याह्यांना ओढून रिंकवर नेलं. वाटेत हिंदीतलं भाषण मनात घोकलं होतं. पोरांना गोळा करून म्हणालो, ‘‘उस दिन गाड़ी इनकी वजह से नहीं पलटी थी। गलती मेरी थी।’’

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ‘‘कौन सी गाड़ी, अंकल?’’

मी जे ओझं डोक्यावर घेऊन पावसाळाभर फिरलो, ते एकाच्याही लक्षात नव्हतं. व्याह्यांच्या मात्र होतं. त्यांनी मी नवी आणलेली बुटकी बॉडी बसवली, स्प्रिंगा लावल्या आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्याच वळणावर मी वेळेआधी जोरात वळवलं आणि गाडी थेट भिंतीला धडकली.

‘‘काय इवाई!’’ व्याही सगळ्या रिंकला ऐकू जाईल असे ओरडले. ‘‘रिमोट हाय का बैलाचा कासरा?’’ आणि पोरांकडे वळून तेच हिंदीत सांगितलं.

सगळे हसले. मी गाडी आणायला भिंतीकडे निघालो, तेव्हाही ते मागून बोलतच होते.