दिसलं नाही

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेटावर होते, लोखंडी चौकट जमिनीवर ठेवून गवत शोधत. नावेवाल्या रफिकचाचांनी फोन ऐकला आणि माझ्याकडं न बघता नावेचा दोर सोडायला लागले. तेवढ्यावरनंच कळलं…

मी गडचिरोलीकडची. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर संभाजीनगरला आले आणि धुण्याभांड्याचं काम शोधत वसुधाताईंच्या दारात उभी राहिले. ताई कॉलेजात झाडांचा विषय शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी भांडी दिली नाहीत, पैठणच्या धरणातल्या बेटावर नेलं. तिथली वेडी बाभूळ उपटून वनखात्यानं ताईंच्या सांगण्यावरनं इथलंच जुनं मारवेल गवत लावलं होतं. ते जगतंय का, हे दर महिन्याला बघायचं. चौकटीतला एकेक ठोंब मी शोधून सांगायचा, त्यांनी लिहायचा. कागदावर बघणारी म्हणून माझं नाव वर, त्यांचं खाली. माझं नाव वर लिहिणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात एक वाळका ठोंब बघून मी "मेलं" म्हणाले. ताईंनी पेन थांबवलं.

"मेलं नाही, दिसलं नाही म्हण. मूळ खाली असतंय. दोन पावसाळे बघायचं, मग बोलायचं."

चाचा वल्ह्यावर रेलून म्हणाले, "इत्ता तो मैं मेरे बच्चों को बी नै देखा, बाई."

ताई लई हसल्या.

गेल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी निम्म्या बेटावर चढलं. उतरलं तेव्हा चौकटीत नुसता गाळ. गवत मेलं असेल तर तिथं सुबाभूळ लावू, असं वनखात्याच्या हपिसातनं सांगणं आलं. ताई तेव्हा दवाखान्यात. नाकात नळी, तरी पहिला प्रश्न तोच, काय दिसलं? दिसलं नाही, मी म्हणाले. "बरं… म्हणजे अजून एक पावसाळा आहे," म्हणाल्या. तीच शेवटची भेट.

त्यांच्या तेराव्यानंतर हपिसातले साहेब बेटावर आले. मेलंय ना सगळं, त्यांनी विचारलं. दिसलं नाही, एवढंच मी म्हणाले. मूळ खाली आहे, दोन पावसाळे थांबा, हे ताईंसारखं सांगता आलंच नाही. साहेब सोबतच्याला म्हणाले, एकच की ते. चुन्याच्या खुणा मारून गेले. पुढच्या आठवड्यात सुबाभळीसाठी खड्डे घेणार, नेमके ठोंबांवर.

चौकट भंगारात जाईल म्हणून मी खोलीवर आणली, खिळ्याला अडकवलीय. ताईंना सगळे लगेच "गेल्या" म्हणाले, कुणी थांबलं नाही. मी सकाळी उठले की आधी चौकटीत बघते. आत भिंत दिसते, पोपडे आलेली. बाकी काही दिसलं नाही.