गाडी बाबांना नेणार नाही

पृथ्वी तापते आहे यावर आमच्या बाबांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. ते अकोल्याचे. त्यांच्या लहानपणी मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, लोक माठ आणि वाळ्याचे पडदे यांवर उन्हाळा काढायचे, आणि त्यासाठी कुणी जगाची परिषद भरवली नव्हती. "गोऱ्यांनी इतकी वर्षं गाड्या उडवल्या," ते जेवताना म्हणायचे, "आता आमच्या दारात गाडी आली, तर यांची पृथ्वी तापली."

दारात गाडी खरंच नुकतीच आली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर चंदीगडला आलेले. सत्तावीस सेक्टरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आई, बाबा आणि मी. बँका लोकांना बोलावून बोलावून कर्जं देत होत्या आणि आमच्या गल्लीत दर दिवाळीला एखादी नवी गाडी हार घालून उभी राहायची. आमची पांढरी, छोटी, एसीवाली. रविवारी बाबा तिला जुन्या बनियनने इतक्या मायेने पुसायचे की आई म्हणायची, "मला कधी इतकं निरखून पाहिलं नाही यांनी."

मी तेव्हा अकरावीत होते आणि स्वतःला फार हुशार समजायचे. आई-बाबा माझ्याशी मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे. स्टेजवर मात्र माझी मराठी अशी खणखणीत की मराठी मंडळातल्या काकू कौतुकाने एकमेकींना कोपर मारायच्या. त्यामागे पाठांतर होतं, हे त्यांना कोण सांगणार? वर्षातून एकदा, गणपतीत, मी मराठी व्हायचे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत वादविवाद स्पर्धा असायची, आणि तिचा एक रिवाज होता. कुणाला काय वाटतं हे विचारायचं नाही. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, हाताला येईल ती बाजू घ्यायची, आणि गणपतीला नमस्कार करून ती खरी असल्यासारखी मांडायची. त्या वर्षीचा विषय होता, 'पृथ्वी तापत आहे, आपण आजच बदलले पाहिजे.' मला विरोधी बाजू हवी होती. बाबांची सगळी वाक्यं जेवताना ऐकून मला तोंडपाठ होती, म्हणजे आयतं भाषण तयार. पण चिठ्ठीत निघालं, 'अनुकूल'.

बाबा खूप हसले. आणि मग ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा न घेता माझ्याजवळ बसले. मी हिंदीत मुद्दे सांगायचे, ते त्यांचं मराठी करून द्यायचे. हिमनद्या, समुद्राची पातळी, धूर. स्वतःला न पटणारं भाषण त्यांनी माझ्यासाठी घोटून घोटून लिहिलं. "बाजू घेतली की पुरी घ्यायची," म्हणाले.

विरुद्ध बाजू आली होती मोठ्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरकाकांकडे. ते मूळचे पुण्याचे, बोलायला लागले की समोरचा गार. "जानेवारीत माझे पेशंट रजईसकट तपासणीला येतात," ते म्हणाले, "धुक्यात मला माझ्याच घराचं फाटक सापडत नाही, आणि हे बाळ सांगतं आहे की पृथ्वी तापली. तापली असेल तर थोडी आमच्या सेक्टरात पाठवा!" हॉल खदखदून हसला. मी हिमनद्यांविषयी बोलले तेव्हा पाठीमागे कुणीतरी प्रसादाचं विचारत होतं.

मग प्रश्नोत्तरांत डॉक्टरकाकांनी मला विचारलं, अगदी गोड आवाजात, "बाळ, तू आज इथे कशाने आलीस?"

आम्ही गाडीने आलो होतो. सगळ्या मंडळाने पाहिलं होतं. लोक हसायला लागले, आणि तो हशा मला सहन होईना. माझ्या तोंडून निघालं, "गाडीने आले. पण उद्यापासून आमची गाडी बाबांना ऑफिसला नेणार नाही! गणपतीसमोर सांगते!"

हे कागदावर नव्हतं. मनातही नव्हतं. डाव हातचा निसटत होता म्हणून मी ते फेकलं. काय टाळ्या पडल्या! डॉक्टरकाकांनीही हात जोडले. पहिलं बक्षीस मला. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या जरा नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश करत बाहेर आले, तर बाबा माझ्या जुन्या सायकलला हवा भरत होते. सीट वर ओढून घेतली होती. ऑफिसची पँट, इस्त्रीचा शर्ट, घोट्याशी कपड्याचा चिमटा.

"हे काय काढलंत?" आईने विचारलं.

"सभेत सांगून आली ना ती? गणपतीसमोर."

"अहो, स्पर्धा होती ती! चिठ्ठीत निघालं तसं बोलली पोर."

"चिठ्ठी मंडळाची होती," बाबा म्हणाले. "गाडी आपली आहे."

मी तिथेच उभी होते, तोंडात फेस. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, ते मी उगीच बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा, क्षणभर थांबून. मी आत जाऊन चूळ भरली. संध्याकाळी सांगू, म्हटलं.

संध्याकाळपर्यंत बातमी मंडळभर झाली होती. 'पोरीने बापाला सायकलवर बसवलं!' काकूंचे फोन आले. शाळेत मॅडमनी मला प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर बोलायला लावलं. इतकं कौतुक झाल्यावर ते कबुलीचं वाक्य मला जड व्हायला लागलं, आणि खरं सांगायचं तर नकोसंच झालं. पुढे कॉलेजच्या वादविवादांत मी हा किस्सा हुकमी पत्त्यासारखा वापरला. "माझे वडील रोज सायकलने ऑफिसला जातात," असं आवाज थोडा खाली आणून म्हटलं की परीक्षक पेन खाली ठेवायचे. ते का जातात हे मी कधी सांगितलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

गंमत म्हणजे बाबांचं मत बदललं नाही. डॉक्टरकाका घरी आले की दोघं तावातावाने एकाच बाजूने बोलायचे. 'ही सगळी आपल्याला मागे ठेवायची चाल.' 'अगदी बरोबर.' मग डॉक्टरकाका विचारायचे, "अहो, मग ती सायकल सोडा की आता."

"मुलगी बोलली आहे," बाबा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

हिवाळे कसेतरी गेले. धुक्यात कानटोपी आणि मफलर घालून ते निघायचे आणि आई फाटकापाशी उभी राहून वेड्यासारखी बघत बसायची. उन्हाळा मात्र कठीण. चंदीगडची लू अकोल्याच्या उन्हापेक्षा वेगळी नसेल, पण बाबा आता अकोल्यातला मुलगा नव्हते. एका जूनमध्ये दुपारी काही कामासाठी घरी येताना त्यांना वाटेत घेरी आली. ते एका झाडाखाली बसून राहिले, आणि एका सरदारजींनी त्यांना स्कूटरवरून घरी आणून सोडलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. आईने कांदा फोडला, पन्हं केलं, आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तू सांग. तुझंच ऐकतील."

मी बाबांच्या खाटेपाशी बसले. "बाबा, गर्मियों में तो गाडी ले जाया करो ना."

त्यांनी डोळे उघडले. "उन्हाळ्यासाठीच तर बोलली होतीस तू," म्हणाले.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यांना सवलत नको होती. त्यांना माझ्या शब्दातून मोकळं करायला हवं होतं, आणि ते फक्त मीच करू शकत होते. मी खोटं बोलले होते एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर माझी सगळी भाषणं, कपाटावरचे कप, ते कौतुक, सगळं एका फुंकरीत गेलं असतं. मी त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि उठले. दोन दिवसांनी ते पुन्हा सायकलने गेले.

गाडी दारातच असायची. रविवारी बाबा ती सुरू करून गल्लीत एक चक्कर मारायचे, पुसायचे, झाकायचे. आईला डॉक्टरकडे न्यायचं किंवा पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं तर काढायचे. ऑफिसला कधीच नाही. मला लायसन्स मिळालं तेव्हा मी युनिव्हर्सिटीत होते. एकदा मी किल्लीपाशी घुटमळत होते, तर त्यांनीच खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"बाबांना नेणार नाही असं बोलली होतीस. तुला नेणार नाही, असं नाही बोलली," म्हणाले आणि हसले. गमतीने म्हणाले, हे मला ठाऊक आहे. मी किल्ली घेतली.

पृथ्वीच्या बाबतीत बाबा चुकले होते. मी बरोबर होते, तेही चिठ्ठीच्या कृपेने. आता कुणी त्या विषयावर चिठ्ठ्या टाकत नाही, उन्हाळाच उत्तर देतो. माझ्या घरात एसी आहेत, दारात गाड्या आहेत, आणि मला अजून सगळे मुद्दे पाठ आहेत. न पटता वागला तो एकटा माणूस, आणि पटलेली मी अशी.

युनिव्हर्सिटीच्या त्या दिवसांत आमचा रस्ता एकच होता, मध्य मार्ग. त्यांचं ऑफिस सतरा सेक्टरात, माझी युनिव्हर्सिटी त्याच्या पुढे. एका सकाळी गाडीत मैत्रिणी होत्या, काचा बंद, एसी चालू. पुढे रस्त्याच्या कडेने बाबा चालले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. मागच्या सीटवरून एकीने विचारलं, "यार, यही हैं ना? तेरी स्पीच वाले अंकल?"

"हाँ," मी म्हणाले, आणि वेग कमी न करता पुढे गेले.

संध्याकाळी बाबा हात-पाय धुऊन जेवायला बसले. पोळीचा तुकडा मोडताना म्हणाले, "हॉर्न देत जा बाळा. सायकलवाल्याला समजत नाही, मागून कोण येऊन राह्यलं."

आई वाढत होती. ते कबुलीचं वाक्य तेव्हाही माझ्याजवळ होतं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं.

"पक्का, बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी हॉर्न दिला. बाबा बाजूला झाले.