खिएमसरांचा विषय

माशांचे रोग हा विषय खिएमसरांनी आमच्या विभागात बावीस वर्षं शिकवला. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. तरुणपणी ते रशियात शिकून आले होते. इंग्रजीला हात लावला तो पन्नाशीनंतर, तोही नाइलाजाने. कंबोडिया, लाओस, म्यानमारची मुलं व्हिएतनाममधल्या आमच्या कान थो विद्यापीठात यायला लागली आणि डीननी फर्मान काढलं: यापुढे हा विषय इंग्रजीतून, आणि शिकवणाऱ्याने आधी परीक्षकांसमोर तास घेऊन दाखवायचा.

सरांनी तास बरा घेतला. घोटाळा झाला तो नंतर. मेलबर्नहून आलेल्या परीक्षकाने भराभर काहीतरी विचारलं. सरांनी दोनदा पुन्हा विचारायला लावलं. पाहुण्याला तिसऱ्यांदा तेच बोलायला लावणं आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून सर नुसतेच हसले आणि मान डोलावली. विषय गेला. तो मला मिळाला, कारण मी चार वर्षं ब्रिस्बेनला काढली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

माझ्या तासाला मुलं अगदी शहाण्यासारखी बसायची. "समजलं?" "हो, मॅडम!" पहिल्या परीक्षेत आजारी पंगस मासे समोर ठेवले, तर अठरापैकी पाच जणांनाच रोग ओळखता आला. पोरं आळशी आहेत असं म्हणून मी मोकळी झाले. दुसऱ्या परीक्षेत मात्र सोळा जणांनी बरोबर ओळखला.

"कॉपी केलीस?" मी कंबोडियाच्या राच्नाला विचारलं.

ती रडवेली झाली. "नाही हो मॅडम. आम्ही शनिवारी तळ्यावर जातो, खिएमसरांकडे."

पुढच्या शनिवारी मीही गेले. फळीवर मासा चिरलेला होता आणि सर तुटक इंग्रजीत विचारत होते, "यकृत बघा. पांढरे ठिपके. का?"

"बुरशी!" म्यानमारचा झॉ ओरडला.

"बुरशी तुझ्या डोक्यात!" राच्ना म्हणाली. "जंतू आहेत."

"भांडा, भांडा," सर म्हणाले. "पण कारण सांगून भांडा."

तिथे इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं, त्यामुळे कुणी लाजतही नव्हतं. न राहवून मी मध्ये पडले आणि सगळं नीट समजावून सांगितलं. सगळे गप्प झाले. सरसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, मी डीनना सांगते. विषय तुम्हीच घ्या."

"नको गं पोरी. पुन्हा परीक्षा लावतील."

मी ऐकलं नाही. सोमवारी डीनना दोन पानी पत्र दिलं. त्यात परीक्षेचे आकडे मांडले. मुलांना माझं बोलणं कळत नाही, सरांचं कळतं, हेही स्पष्ट लिहिलं. ऑफिसच्या नियमाप्रमाणे पत्र इंग्रजीत होतं.

डीननी ते माझ्यासमोरच शेवटपर्यंत वाचलं.

"थुई, काय सुंदर लिहितेस गं!" ते म्हणाले. "आणि म्हणे विषय सोडते!"

विषय माझ्याकडेच राहिला.