गरम वाटी

नागापूरच्या त्या पार्लरवालीकडे मी चार वर्षं जाते, पण तिच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. दोऱ्याचं टोक दातात धरून ती भुवया कोरते आणि कशालाही नुसतं ‘हं’ म्हणते. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माणूस किती मार्कांचा ते मला बघून कळतं. हिला मी काठावर पास केलं होतं.

परवा केस रंगवायला गेले. तिने केस बोटांत चोळले, वासही घेतला.

“मॅडम, काळी मेंदी लावली हुती का?”

“नाही,” मी ठणकावून सांगितलं. बाजारातली काळ्या मेंदीची स्वस्त पुडी लावते, हे हिला कशाला सांगायचं? उगाच महागातलं काहीतरी गळ्यात मारेल.

तिने वाद घातला नाही. मानेजवळची बारीक बट कापून रंगात मिसळायच्या औषधाच्या वाटीत बुडवली आणि थोड्या वेळाने माझं बोट वाटीला लावलं. वाटी चांगलीच तापली होती.

“हे डोक्यावर झालं असतं,” ती म्हणाली. “आज रंग न्हाई लावत. भुवया करते.”

मी मान मागे टेकवली.

“पन हे गरम का होतं मॅडम? तुमी शाळंत शिकवायच्या ना.”

काळ्या मेंदीतल्या धातूच्या क्षारांमुळे औषधातलं पेरॉक्साइड कसं तापतं, ती सगळी रासायनिक क्रिया मी समजावून सांगितली. ती दोरा दातात धरून ‘हं, हं’ करत होती.

तिला ते खरंच ठाऊक नव्हतं, की माझा पडलेला चेहरा बघून तिने विचारलं, हा संशय मला अजून आहे.