वाडी तुमचीच

“ह्या वयात आता सापशिडी खेळायची का गं आमी?”

माझ्या मागे बसलेल्या पोशीरच्या ताई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या. सरांनी नेमकं ऐकलं. तळव्यावर खडू आपटत ते म्हणाले, “सापशिडी नाही ताई. इथे जो सोडतो तो जिंकतो. सोडा! सोडून बघा, हलकं वाटतं.”

हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा ऐकलं, विचारू नका.

खेडोपाडी मदत पोचवणाऱ्या संस्थांना सर एकमेकींशी जुळवून घ्यायला शिकवत, तेही खेळातून. सुट्टीत कर्जतच्या एका शाळेचा वर्ग मिळे. फरशीवर खडूने पूर आलेली नदी आणि तीन गावं. प्रत्येक संस्थेला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या: घोंगड्या, दूध पावडर, औषधं. धरून ठेवलेल्या चिठ्ठीला शून्य, दुसऱ्याला सोडलेल्या चिठ्ठीला दोन गुण. बोलणी फिसकटली की सरांची टाळी, “परत पहिल्यापासून!” डबे गार होत, माणसं जांभया देत. स्वतः सर मात्र पंख्याखालची खुर्ची कधी कुणाला सोडत नसत. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील.

कोण काय बोललं ते लिहून घेणं हे माझं काम. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना माझी जीभ अडखळे. त्यामुळे ‘निरीक्षकाने बोलायचं नाही’ हा सरांचा नियम माझ्या फार सोयीचा होता. त्यांनीही मला कधी उभं करून बोलायला लावलं नाही. संध्याकाळी माझी वही ओळ न् ओळ वाचत आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, “तू सगळं पाहतेस गं.” दिवसभराचा वैताग निम्मा उतरे. निम्माच.

गेल्या वर्षी सर गेले. चिठ्ठ्यांची पेटी त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाठवली. मी ती अजून उघडलेली नाही. उघडली तर चिडचिड होईल याची भीती वाटते, की होणार नाही याची, ते कळत नाही.

पोशीरच्या ताई आल्या होत्या त्या शिबिरात मात्र तंटा खरा होता. खालापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथे ताईंच्या संस्थेची नर्स आणि खोपोलीच्या एका दादांच्या संस्थेचे कंपाउंडर, दोघंही मंगळवारीच जात. एकाच पोराला दोनदा औषध पाजलं जाई, वर भांडण. त्यात त्या आठवड्यात वाडीत गोवर आला होता. शेवटच्या दिवशी सरांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

ताई चार दिवसांत चांगल्याच तयार झाल्या होत्या. म्हणाल्या, “दादा, तुमी आमच्या आदी गेलेले. वाडी तुमचीच.”

दादा कसले मागे राहतात! “नाय नाय ताई. तुमच्या नर्सबाईंशी बायका मोकळं बोलतात. वाडी तुमचीच.”

“असं कसं? तुमी असताना आमी कशाला?”

“ताई, आता लाजवू नका. आमी सोडली.”

“मग आमीपण सोडली!”

सरांचे डोळे भरून आले. “दोघांना दोन-दोन गुण! लिही गं!”

टाळ्या झाल्या, चहाची किटली आली. मी वहीकडे पाहिलं. वाडीपुढची दोन्ही नावं मीच खोडली होती. आता सर बोलतील, म्हणून थांबले. ताई बोलतील. दादा बोलतील. दादांनी दुसरं बिस्किट घेतलं. सर रुमालाने नाक पुसत सगळ्यांकडे असे पाहत होते, जणू लेकीचं लग्न लागलं. तो चेहरा उतरवणं माझ्या अगदी जिवावर आलं.

मी उभी राहिले. मांडीवरची वही खाली पडली, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“सर, वाडीत सहा पोरं तापाने फणफणलीयत. आणि या मंगळवारी तिथे कुणीच जात नाहीये.”