गालावरचा तीळ

बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ग्योकलानने बुनहोचं डोकं कोरायला घेतलं. कापराच्या लाकडाचं, लिंबाएवढं डोकं. पुढे आलेली हनुवटी, बारीक डोळे आणि डाव्या गालावर तीळ. त्या तिळात तिने डुकराचा एक केसही खोवला. बाकीचा चेहरा गावात कुणाचाही असू शकला असता, पण तसला केसाळ तीळ एकट्या बुनहोचा होता.

ग्योकलानचं घराणं हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचं. तैवानच्या त्या किनाऱ्यावर माझूदेवीच्या जत्रेत खेळाचा मान त्यांचाच. ती लहान असताना देवळामागे त्यांची बाहुल्यांची पेटी जळाली आणि मान गेला बुनहोच्या बापाच्या मंडळाकडे. त्यानंतर तिच्या बापाने बाहुली कधी हातात धरली नाही, बाटली तेवढी धरली.

"मी डोळ्यांनी पाहिलंय," ग्योकलान सांगायची. "पळताना वळून बघितलं मेल्याने. आगीच्या उजेडात तो तीळ असा चमकला!"

पुरावा काही नव्हता. म्हणून बाहुली. बापाने सोडलेला खेळ तिने पुन्हा मांडला आणि त्यात ती नाचवली. तिचं नाव तीळशेठ. कथा राजाची असो की डाकूंची, तीळशेठ कंदील घेऊन यायचाच आणि काहीतरी पेटवून द्यायचाच. आधी लोक नुसते हसले. मग हसताहसता बुनहोकडे बघू लागले. पुढे हसणं थांबलं, बघणं चालूच राहिलं.

बुनहोने तोवर बाहुल्या सोडून शेंगदाण्याच्या चिक्कीचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाईक तुटलं. आगीच्या दिवशी तो रॉकेल घेऊन जाताना दिसला होता, असं सांगणारी एक म्हातारीही निघाली. तिला ते अगदी लख्ख आठवत होतं म्हणे! ग्योकलानच्या जिवाला केवढा थंडावा वाटला त्या दिवशी.

यंदा जत्रेच्या आदल्या दुपारी बुनहो स्वतःच तिच्या दारात आला.

"ग्योकलान, पोरी, बास कर आता. माझी नात माझ्या हातचं खात नाही. म्हणते, आजोबा घर जाळतील."

"अरे वा! आणि माझा बाप काय खात होता, ते विचारलंस कधी?"

"हा तीळ मला पस्तिशीत उठला गं. तुमची पेटी जळाली तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा. गाल कोरा होता माझा. विचार तुझ्या मामाला."

चिउमामा तिच्या खेळात झांज वाजवायचा. कोपऱ्यात बसून तो झांजेची दोरी आवळत होता. मामा याला हाकलून देईल, असं तिला वाटलं. मामाने मान खाली घातली.

"खरं आहे त्याचं. आणि विषय निघालाच आहे तर ऐक. त्या दिवशी तू रडत आलीस ती 'कुणीतरी पळालं' एवढंच म्हणत. चेहरा दिसला नाही म्हणालीस. मीच तुझ्या मागे लागलो, बुनहो होता का, बुनहोच ना?"

"आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलास?"

"तुझा खेळ चालत होता ना, बये. चूल त्याच्यावर पेटत होती आपली."

ग्योकलानने डोळे मिटले. पेटी पेटली, माणूस पळाला, वळला. गालावर तीळ! तिने तो पुसून बघितला, तर त्याच्याबरोबर अख्खा चेहराच पुसला जायला लागला आणि मग पळणारा माणूसही. उरली नुसती जळती पेटी आणि तिच्यापुढे सुन्न उभा असलेला बाप. एवढा संताप मग तिने कुणावर काढायचा होता?

ती उठली. तीळशेठचं डोकं घेतलं आणि चाकूच्या एका फटक्यात तीळ उडवला. बुनहोच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेत वाकून त्याने नमस्कार केला आणि देवी तुझं भलं करो म्हणत तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी नातीला समजावून, तिचं बोट धरून तो खेळाला आला. तीळशेठ कंदील घेऊन आलाच. त्याने धान्याचं कोठार पेटवलं, पळताना वळून बघितलं. गाल घासूनपुसून गुळगुळीत केलेला.

"तीळ कुठे गेला गं?" खेळ संपल्यावर एका बाईने विचारलं.

"तेव्हा नव्हताच त्याला," ग्योकलान म्हणाली. तिची नजर बुनहोवर खिळली होती आणि तिला तो आगीपुढे स्वच्छ दिसत होता. "मी डोळ्यांनी पाहिलंय ना! मिसरूड फुटलेला पोरगा. आगीच्या उजेडात कोरा गाल असा चमकला!"

नातीने आजोबांचं बोट सोडलं.