ट्यूब संपल्यावर

बारावीनंतर मी जळगावला कॉलेजात गेले, होस्टेलवर राहू लागले, आणि त्याच वर्षी माझा चेहरा पुटकुळ्यांनी भरला. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटीखाली दुखऱ्या गाठी. मला वाटायचं, आपला चेहरा नीट धुतला जात नाही. म्हणून मी तो सारखा साबणाने घासायची. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावून पाहिली. उन्हात स्कार्फ घट्ट बांधून स्कूटीवर जायची, आणि आत घामाने सगळं आणखी चिडायचं.

शेवटी रूममेटने एक ट्यूब दिली. तिला ती मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवायच दिली होती. थोड्याच दिवसांत चेहरा इतका साफ आणि गोरा झाला की मैत्रिणी गालाला हात लावून बघायच्या. मग मीही तीच आणत राहिले. परीक्षेच्या धांदलीत एकदा ट्यूब संपली, दुसरी आणायची राहून गेली, आणि नेमकं धुळ्याला काकांच्या मुलीचं लग्न आलं.

हळदीच्या दिवशी सकाळी काकांच्या घरी मी आरशात पाहिलं. गाल लालबुंद, आग होत होती, आणि पूने भरलेले बारीक फोड सगळीकडे. काकूने मायेने हळद घातलेली दुधाची साय लावली. आग दुप्पट झाली. मी चेहरा धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर पाहुण्यांच्या चहाची गडबड चालली होती.

थोड्या वेळाने भाऊ आत आले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. सोनगीरजवळ आमची शेती आहे, आणि भाऊ एरवी कामापुरतंच बोलतात, आणि घरच्यांशी आमच्या गावाकडच्या बोलीत. रचलेल्या गाद्यांवर ते टेकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"चाल, डॉक्टरकडे जाऊत."

"आज हळद आहे, भाऊ."

"हयद ते संध्याकायले शे. आते सकाय शे."

काकांची मोटरसायकल घेऊन आम्ही निघालो. त्वचेच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी चेहऱ्यावर दिवा धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली क्रीम लावत होतीस?"

मी मोबाइलमधला ट्यूबचा फोटो दाखवला. त्यांनी मान हलवली. "यात स्टेरॉइड आहे. लावतेस तोवर सगळं दाबून ठेवतं, कातडी पातळ करतं. थांबवलं की दुप्पट उसळतं. रोज येतात अशा मुली."

"मी चेहरा खूप स्वच्छ ठेवते," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

"तेच कमी कर. हा मळ नाही, बाळा. या वयात कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, त्यांची तोंडं बंद होतात, मग आत सूज येते. घासून ते उघडत नाही, उलट चिडतं. दिवसातून दोनदा साध्या फेसवॉशने धू. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नकोस. फोडायचं नाही."

भाऊंनी विचारलं, "शेवभाजीमुळे होतं का, मॅडम?"

डॉक्टर हसल्या. "तिखटाला उगाच दोष देतात सगळे. गोड मात्र थोडं आवरा."

मग भाऊ खाली बघत म्हणाले, "हे माझ्याकडून तर आलं नाही ना तिला?"

भाऊंच्या दोन्ही गालांवर खोल खड्डे आहेत. मी ते जन्मापासून पाहत होते, म्हणून कधी दिसलेच नव्हते.

"घराण्यात असतं बऱ्याचदा," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही तिला वेळेवर आणलंत. खड्डे न पडू देणं आपल्या हातात आहे."

बाहेर टपरीवर चहा घेताना भाऊ आपणहून बोलले. "माले कोनी डॉक्टरकडे लई गयं नही. घरना म्हनेत, लगीन व्हयनं का जाई. तुनी मायले देखाले गऊ तवय मी खिडकीले पाठ करीसन बसनू."

"चेहऱ्यावर उजेड येऊ नये म्हणून? मग?"

"मंग काय. तिनी पसंत कया." आणि ते चक्क लाजले.

संध्याकाळी मी हळदीला बाहेर आले, तशाच लाल चेहऱ्याने. भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. कोणी काही विचारलं की तेच सांगायचे, "औषध चालू शे."

पुढचे काही महिने चिकाटीचे होते. डॉक्टरांनी दिलेलं मलम वाटाण्याएवढंच लावायचं, आणि सुरुवातीला चेहरा आणखी बिघडला. भाऊंचा फोन रोज यायचा. मी वैतागले की म्हणायचे, "डॉक्टर बोलन्यात ना, पहिलं वाढी. दम धर." हळूहळू गाठी बसल्या, आग थांबली.

एकदा सुट्टीत मी अंगणात सनस्क्रीन लावत होते. भाऊ शेतात निघाले होते. हात पुढे करून म्हणाले, "माले बी दे थोडं." आणि नाकावर जाड पांढरा थर देऊन निघाले. आई हसून हसून खाली बसली. मी त्यांना थांबवलं आणि त्यांच्या गालांवरून ते नीट पसरवलं. कातडी उन्हाने राठ झालेली, तरी खड्ड्यांच्या कडा मऊ लागल्या. भाऊ डोळे मिटून शांत उभे राहिले.

आता माझ्या गालावर दोनचार फिकट डाग उरलेत. पाळीच्या आधी एखादी पुटकुळी अजून येते. मी तिला हात लावत नाही, चारपाच दिवसांत ती आपली आपण जाते.